परसातील मिश्र कोंबडीपालन

घरामागच्या मोकळ्या जागेत दोन किंवा अधिक जातींच्या कोंबड्या एकाच खुराड्यात पाळण्याची पद्धत. प्रस्तुत नोंद इंदूर व भोवतालच्या माळव्याला धरून आहे. कडकनाथ या काळ्या जातीचे मूळ क्षेत्र, म्हणजे झाबुआ, अलीराजपूर व धार हे जिल्हे, येथून जवळ असल्याने मिश्र कळपाचा विचार येथे बहुधा कडकनाथापासूनच सुरू होतो.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा होय, याबद्दल आता फारसे दुमत नाही. कातडीच्या पिवळ्या रंगाचे जनुक मात्र भारतातील करड्या रानकोंबड्याकडून आले असल्याचे 2008 मध्ये दाखवले गेले. पाळीव होण्याच्या काळाविषयी मतभेद आहेत. मोहेंजोदडो येथील हाडांवरून तो इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात नेला जाई. 2022 मधील फेरतपासणीत निःसंशय पाळीव ठरणारे सर्वांत जुने अवशेष मध्य थायलंडमधील, सुमारे इ. स. पू. 1650 ते 1250 या काळातील मानले गेले. हा दुसरा काळ अधिक सावध आणि म्हणून अधिक ग्राह्य वाटतो.

कडकनाथाचा काळेपणा : स्थानिक बोलीत या पक्ष्याला ‘कालीमासी’ म्हणतात, मांस, हाडांवरील आवरण व आतली इंद्रियेही काळपट असतात. विसाव्या गुणसूत्रावरील एका तुकड्याची दुप्पट होऊन पुनर्रचना झाल्याने हे घडते. याच तुकड्यात रंगद्रव्याच्या पेशी वाढवणारे एंडोथेलिन-3 हे जनुक आहे. हीच पुनर्रचना चीनच्या सिल्की व इंडोनेशियाच्या अयाम सेमानी या जातींतही आढळत असल्याने काळेपणा प्रत्येक देशात स्वतंत्रपणे उद्‌भवला, हे मत मागे पडले आहे. तो एकदाच उद्‌भवून पक्ष्यांबरोबर पसरला असावा.

पाळणाऱ्याला याहून महत्त्वाचे आहे ते दुसरे जनुक. कातडीतील काळे रंगद्रव्य रोखणारे एक प्रभावी जनुक लिंगनिगडित, म्हणजे झेड या लिंगगुणसूत्रावर असते. उजळ पायांच्या जातींत ते असते, कडकनाथात नसते. बेटसन व पनेट या आनुवंशिकीतज्ज्ञांनी 1911 मध्ये सिल्की व तपकिरी लेगहॉर्न यांच्या संकरातून ही आनुवंशिकता मांडली. कोंबड्यांत मादीला लिंगगुणसूत्रांपैकी झेड हे एकच, तेही बापाकडून मिळते. म्हणून कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांची कोंबडी अशी जोडी लागली, की पहिल्या पिढीतील तलंगा (तरुण माद्या) बऱ्याच काळ्या निघतात, नर मात्र उजळ. अशा तलंगा बाजारात अस्सल कडकनाथ म्हणून खपू शकतात. घेताना त्याच वीणीतले नर पाहावेत. नरांची कातडी उजळ असेल तर तो संकर समजावा. जोडी उलटी असेल, म्हणजे कोंबडा पिवळ्या पायांचा व कोंबडी कडकनाथ, तर दोन्ही लिंगांची पिले उजळ होतात. झाबुआच्या कडकनाथ मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ही पारख अधिकच गरजेची झाली आहे.

जातींची निवड : वजन व स्वभाव जुळणे ही पहिली अट. कडकनाथ कोंबडी सव्वा ते दीड किलोची, वर्षाला 80 ते 100 अंडी देणारी, चपळ. पण खुडूक फारशी बसत नाही. म्हणून कळपात दोन गावरान कोंबड्या असाव्यातच. कडकनाथाची अंडी त्यांच्याखालीच उबवतात. अंड्यांसाठी ग्रामप्रिया ही सुधारित जात (परसात वर्षाला 160 ते 180 अंडी) किंवा जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाने कडकनाथाच्या संकरातून तयार केलेली नर्मदानिधी चांगली. असील ही झुंजीची जात मिश्र कळपात घेऊ नये. नर तर झुंजतातच, माद्याही इतरांना दाण्यापाशी येऊ देत नाहीत. ब्रॉयलरही नको : तो सारे खाद्य संपवतो, पाय अधू होतात आणि मे महिन्यातल्या उन्हात तोच आधी दगावतो. कोणत्याही जातीचा एकच पक्षी आणू नये. वेगळ्या रंगाच्या एकटीला सगळ्या टोचतात. निदान दोघी असाव्यात.

बारा पक्ष्यांचा सुटसुटीत कळप असा : कडकनाथ कोंबडा 1, कडकनाथ माद्या 5, ग्रामप्रिया 4, गावरान 2. रात्रीच्या खुराड्याला 5 × 6 फूट जागा, बसायला एकूण 9 फूट दांडी, अंड्यांसाठी फूटभर लांबीरुंदीचे 3 खोके. दांड्या एकाच उंचीवर ठेवाव्यात, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडणे होतात. माळव्याची काळी माती पावसाळ्यात चिकट गाळ होते. खुराड्याचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर हवा. या कळपात कोंबडा कडकनाथाचाच असल्याने कडकनाथ मादीचे अंडे शुद्धच असते, फक्त ते ओळखता यायला हवे; त्यासाठी उबवणीपुरत्या त्या पाच माद्या जाळीने वेगळ्या कराव्यात. पूर्वी दुसरा कोंबडा असेल, तर तो काढल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नयेत. मादीच्या अंडनलिकेत जुने शुक्रजंतू तितके दिवस टिकू शकतात.

नवे पक्षी आधी तीन-चार आठवडे पूर्ण वेगळे, मग आठवडाभर जाळीपलीकडे दिसतील असे, आणि शेवटी अंधार पडल्यावर दांडीवर ठेवावेत. पहिल्या सकाळी दाणा दोन-तीन ठिकाणी टाकावा.

खाद्य : दहा किलोंसाठी भरडलेला मका 6 किलो, सोयापेंड अडीच किलो, गव्हाचा कोंडा 1 किलो 200 ग्रॅम, खनिज मिश्रण 300 ग्रॅम, प्रथिने सुमारे 18 टक्के. फिरणाऱ्या पक्ष्याला रोज 60-70 ग्रॅम पुरते. सोयाबीन येथे घरोघरी मिळते, पण कच्चे घालू नये. त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतो आणि वाढ खुंटते. शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंडी देणाऱ्या माद्या लागेल तेवढा खातात. पिलांना व नराला तितके कॅल्शियम गेले तर मूत्रपिंडे बिघडतात.

रोग : राणीखेत म्हणजेच मानमोडीची लासोटा लस सातव्या दिवशी, पुन्हा अठ्ठाविसाव्या, आणि याच रोगाची आर-टू-बी ही लस आठव्या आठवड्यात. मिश्र कळपात वये वेगवेगळी असल्याने एखादा गट हमखास सुटतो. पायात रंगीत कडी घालून तारखा लिहून ठेवाव्यात. गावरान कोंबडी अनेकदा श्वसनाचे जंतू बाळगूनही धडधाकट दिसते, आणि आजार संकरित तलंगांत उमटतो. डिसेंबर 2020 च्या अखेरीस इंदुरात डेली कॉलेजच्या आवारात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा एच5एन8 विषाणू आढळला होता. म्हणून दाणा-पाणी छपराखालीच ठेवावे, आणि परसात मेलेला कावळा दिसल्यास हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला कळवावे.