डीएसएच्या मूळ संख्या आणि सीडचा इतिहास

परभणी-बीडचा शेतकरी आज डिजिटल सहीचा सातबारा काढतो. भारतातल्या अशा सह्यांची प्रमाणपत्रं आरएसए किंवा इलिप्टिक कर्व्ह या गणिती पद्धतींवर चालतात, डीएसए म्हणजे डिजिटल सिग्नेचर अल्गोरिदम या अमेरिकी मानकातल्या पद्धतीवर नाही. तरीही सहीसाठीच्या मूळ संख्या कोणी मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या नाहीत हे दाखवायचं कसं, हा वाद सर्वांत उघडपणे झाला तो डीएसएवरच. संभाजीनगर-नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जे कोणी सह्यांच्या सॉफ्टवेअर लायब्ररीचा कोड उघडून वाचतात, त्यांनी तो मुळापासून समजून घ्यायला हवा.

डीएसएत दोन मूळ संख्या लागतात: मोठी पी, आणि पी−1 ला भाग जाईल अशी लहान क्यू. अमेरिकेची मानक संस्था एनआयएसटीने ऑगस्ट 1991 मध्ये डीएसएचा मसुदा काढला, तेव्हा पी 512 बिटांचा होता आणि क्यू 160 बिटांचा. टीका झाली आणि पी 1024 बिटांपर्यंत नेता येईल अशी मुभा मिळाली. खोल आक्षेप वेगळाच होता. लेन्स्ट्रा आणि हेबर यांनी दाखवलं की पी निवडणारा त्यात चोरवाट, म्हणजे इतरांच्या गुप्त किल्ल्या काढायची छुपी सोय, ठेवू शकतो; पुढे 1992 मध्ये गॉर्डनने अशा मूळ संख्या घडवायची रीत मांडली. ही भीती पुस्तकी नव्हती. 2016 मध्ये फ्रीड, गॉड्री, हेनिंगर आणि थोमे यांनी मुद्दाम घडवलेल्या 1024 बिटांच्या पीवरचा लॉग (सार्वजनिक किल्लीवरून गुप्त किल्ली काढून देणारं गणित) दोनेक महिन्यांत काढून दाखवला.

मे 1994 च्या मानकाचं उत्तर साधं आहे: संख्या निवडायच्या नाहीत, हॅशमधून (ज्याचं उत्तर आधी ठरवून मिळवता येत नाही अशा गणिती क्रियेतून) पडू द्यायच्या. सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, आणि त्याच्यापुढचा आकडा यांचे हॅश एक्सऑर करून (बिटाला बिट ताडून मिसळून) सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिट 1 केला की क्यूचा उमेदवार मिळतो. क्यू मूळ ठरला की त्याच सीडमधून पीएवढी मोठी संख्या एक्स काढायची आणि एक्सला 2क्यूने भागून उरलेली बाकी सी असेल, तर पी = एक्स − (सी − 1). त्यामुळे पी−1 ला क्यूने नि:शेष भाग जातो. सीड आणि काउंटर (पीचा कितवा उमेदवार लागू पडला तो आकडा) जाहीर केले की कोणीही हेच गणित पुन्हा करून पाहू शकतो.

काउंटरची मर्यादा तेव्हा 4096 होती. 1024 बिटांना सरासरी 355 उमेदवारांत मूळ संख्या सापडते, म्हणून मर्यादा संपायची शक्यता नगण्य. 3072 बिटांना मात्र सरासरी 1065 उमेदवार लागतात आणि शंभरातले दोनेक प्रयत्न वाया जाऊन क्यूपासून पुन्हा सुरुवात करावी लागली असती. 2009 च्या आवृत्तीने मोठे आकार आणले तेव्हा मर्यादाही पीच्या बिटांच्या चौपट केली.

संख्या मूळ आहे का हे तपासणाऱ्या मिलर-राबिन चाचणीच्या फेऱ्या त्या आवृत्तीत 1024 ला 40, 2048 ला 56, 3072 ला 64. या फेऱ्यांचे पाये, म्हणजे प्रत्येक फेरीत तपासासाठी घेतलेल्या संख्या, यादृच्छिकच हवेत. पाये ठरलेले असले की त्यांना चकवणारी संयुक्त संख्या बनवता येते. 2018 मध्ये अल्ब्रेख्त आणि सहकाऱ्यांनी अनेक लायब्रऱ्यांत असे ढिले तपास दाखवून दिले.

एक उणीव मला सतत खटकते. डीएसएच्या नेहमीच्या पॅरामीटर फाइलमध्ये फक्त पी, क्यू आणि जी (किल्ल्या ज्या संख्येचे घात घेऊन बनतात ती) असतात. सीड आणि काउंटरला जागाच नाही, त्यामुळे ते वेगळे जपून ठेवले नाहीत तर एवढ्या काळजीने मिळवलेला पुरावा हातातून जातो.

2023 च्या मानकाने डीएसएने नवी सही करणं थांबवलं. जुन्या सह्या तपासायला परवानगी आहे. तपासणाऱ्या कोडने आधी पी आणि क्यूची लांबी पाहावी, मग पी−1 ला क्यूने भाग जातो का, आणि जीचा क्यूवा घात पीच्या भागाकारात 1 बाकी देतो का. जी स्वतः 1 नाही ना, हेही पाहावं. जी 1 असला की सार्वजनिक किल्लीही 1 होते, आणि सहीच्या आर व एस या दोन भागांपैकी आर = 1 धरून कोणताही एस लावला तरी कुठल्याही मजकुरावरची सही खरी ठरते.