चाकापाशी वीज, टाकीत डिझेल: दणकट गाड्यांचं पुढे काय?

खडकांनी भरलेल्या वाटेवर तिरकी चढणारी जीप मध्येच अडकते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी, उरलेली दोन दगडावर घट्ट टेकलेली. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि अधांतरी असलेली चाकंच भिंगरीसारखी फिरायला लागतात. टेकलेली दोन ढिम्म. इंजिनात ताकद भरपूर आहे, पण ती भलतीकडेच चालली आहे.

याचं कारण दोन चाकांच्या मधोमध बसलेला डिफरन्शिअल. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही गिअरची रचना. ती दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते आणि गोम इथेच आहे. हवेतलं चाक फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, त्यामुळे टेकलेल्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच येतो. यावरचा जुना उपाय म्हणजे डिफ लॉक, दोन्ही चाकं एकमेकांना जखडून टाकायची. पण तो कधी लावायचा हे ड्रायव्हरला आधी उमजावं लागतं. डांबरी रस्त्यावर चुकून लावलेलाच राहिला तर टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं आणि एक्सलच्या, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या, दांड्यांवर नको तेवढा ताण येतो.

पिकअप आणि ऑफ-रोड एसयूव्ही यांच्या भवितव्याचा विषय निघाला की चर्चा लगेच ‘डिझेल की इलेक्ट्रिक’ या वळणावर जाते. मला या प्रश्नाची मांडणीच चुकलेली वाटते. चाक फिरवणं हे एक काम आहे आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा लांबवर वाहून नेणं हे दुसरं. पहिल्या कामात विजेने बाजी मारली आहे आणि ती आता उलटेल असं वाटत नाही. दुसऱ्या कामात वीज अजून बरीच मागे आहे. या गाड्यांचं पुढचं रूप याच तफावतीतून घडतं आहे.

आधी चाकापाशी काय बदललं ते पाहू. 2021 मध्ये रस्त्यावर आलेल्या, रिव्हियन या अमेरिकी कंपनीच्या ‘आर1टी’ या पिकअपला चार चाकांसाठी चार स्वतंत्र मोटारी होत्या. 2024 मध्ये मर्सिडीजने आपल्या जुन्याजाणत्या जी-क्लास या ऑफ-रोड एसयूव्हीची इलेक्ट्रिक आवृत्ती आणली, तिलाही तशाच चार. प्रत्येक चाकाला आपली मोटार असली की दोन चाकांमध्ये डिफरन्शिअल लागतच नाही. चाक घसरायला लागलंय हे कळल्यावर त्याचा जोर कमी करून दुसऱ्याचा वाढवायला सेकंदाचा काही हजारांश भाग पुरतो. डाव्या बाजूची चाकं पुढे आणि उजव्या बाजूची मागे फिरवून गाडी जागच्या जागी गर्रकन वळवण्याची करामत यातूनच आली. दिसायला ती झकास दिसते, पण खालची जमीन पार उखडून टाकते. मला जास्त मोलाची वाटते ती या गाड्यांची मुंगीच्या पावलाने चालण्याची ताकद.

इंजिनाला हळू फिरता येत नाही. मिनिटाला साधारण 700-800 फेऱ्यांच्या फार खाली ते गेलं की बंद पडतं. म्हणून तर फोर बाय फोर गाडीत लो गिअर असतो. जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत तो चाकाची गती चौपटीने कमी करतो आणि जोर चौपट करतो. इलेक्ट्रिक मोटार मात्र शून्य गतीला, म्हणजे चाक अजून हललेलंही नसताना, पूर्ण जोर देते. दगडावर टायर चढवताना आधी रेटा द्यायचा, मग चाक इंचभर सरकू द्यायचं, मग थांबायचं. क्लच जळण्याची भीती नाही, गाडी बंद पडण्याची नाही.

तरी लो गिअर गेला असं समजू नका. खड्या चढावर मोटारीने गाडी नुसती तोलून धरली तर चाक फिरत नसतं, पण वेटोळ्यांतून वीज भरपूर वाहत असते. तीही फिरत्या मोटारीसारखी सगळ्या वेटोळ्यांत वाटली न जाता काही ठरावीक वेटोळ्यांतच साचून राहते. मोटार आणि तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर दोन्ही तापतात. म्हणूनच इलेक्ट्रिक जी-क्लासमध्ये चारही मोटारींना दोन-दोन गतींचा गिअरबॉक्स दिलेला आहे आणि त्यातला एक लो गिअरच आहे.

आता टाकीकडे वळू, कारण घोडं अडतं ते तिथे.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 किलोवॅट-तास, म्हणजे विजेच्या बिलावरची 10 युनिटं, ऊर्जा असते. 80 लिटरची टाकी म्हणजे 800 किलोवॅट-तास, आणि त्या डिझेलचं वजन 67 किलोच्या आसपास. इंजिन यातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं. 30 टक्के चाकापर्यंत पोचली असं धरलं तर हाती 240 किलोवॅट-तास उरतात. बॅटरीतली वीज मोटारीतून चाकापर्यंत जाताना गळती बरीच कमी होते, तरी तेवढंच काम करून घ्यायला 275 किलोवॅट-तासांची बॅटरी लागेल. वेष्टन, थंड ठेवण्याची यंत्रणा, तारा असं सगळं धरून आजच्या बॅटरी पॅकमध्ये किलोमागे 160 वॅट-तास मावतात असं मानू. म्हणजे वजन झालं 1,700 किलो. सर्वसाधारण पिकअपच्या हौद्यात एक टन माल भरतात. टाकीएवढी मजल मारणारी बॅटरी बसवली तर माल भरायच्या आधीच गाडीवर टनाहून जास्त बोजा चढलेला असेल. शिवाय डिझेल जळतं तशी गाडी हलकी होत जाते. बॅटरी रिकामी झाली तरी वजन तेवढंच.

हा रस्ता शेवटपर्यंत चालून पाहणारी गाडीही आहे. इलेक्ट्रिक हमरमध्ये 200 किलोवॅट-तासांहून मोठी बॅटरी बसवली आणि गाडी चार टनांच्या वर गेली. मऊ मातीत, ओल्या उतारावर, लाकडी पुलावर चार टन म्हणजे काय, हे तिथे गाडी घातलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

त्यात या गाड्यांचा आकार हवेशी भांडणारा. हवेचा विरोध पुढून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर आणि आकाराच्या सुबकपणावर ठरतो. उभ्या काचेची, चौकोनी बांध्याची उंच एसयूव्ही घेतली तर ताशी 110 किलोमीटरला नुसती हवा कापायला 100 किलोमीटरमागे 22 किलोवॅट-तासांच्या आसपास ऊर्जा जाते. तेच निमुळत्या सेडानला आठ पुरतात. मागे खोक्यासारखा ट्रेलर जोडला की इलेक्ट्रिक पिकअपची मजल जवळपास निम्म्यावर येते. डिझेल गाडीचीही येते, फक्त तिथे पाच मिनिटांत टाकी भरून निघता येतं.

आणि वाळू? चांगल्या रस्त्यावर टायरला जो विरोध होतो तो मऊ वाळूत पंधरा-वीस पटींनी वाढू शकतो. अडीच टनांची गाडी अशा वाळूतून एक किलोमीटर न्यायला दीड किलोवॅट-तासाच्या जवळपास खर्च होतो, म्हणजे 100 किलोवॅट-तासांची भरलेली बॅटरी 70 किलोमीटरमध्ये रिकामी. टायरमधली हवा उतरवली की टायर पसरतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांब होतो, तो रुतत कमी जातो आणि हा आकडा बराच खाली येतो. जुन्या ड्रायव्हरांची ही युक्ती नव्या गाडीत जास्तच कामाची ठरणार आहे. उलट, खडकांतून ताशी पाच किलोमीटरने दिवसभर सरपटायचं असेल तर इलेक्ट्रिक गाडी फारच कमी खाते, कारण ब्रेकवर थांबलेली असताना तिची मोटार काहीच पीत नाही. इंजिन उभ्या उभ्याही तासाला लिटरभर तेल जाळतं. डोंगरउतारावर तर हिशेब आणखी बदलतो. अडीच टनांची गाडी हजार मीटर खाली उतरते तेव्हा तिच्यातली सुमारे 6.8 किलोवॅट-तास ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. जुन्या गाडीत ती ब्रेक तापवते आणि इंजिनात विरते, इलेक्ट्रिक गाडीत तिचा मोठा भाग बॅटरीत परत येतो.

या ओढाताणीतून वाट निघते आहे ती दोन्ही एकत्र आणणारी. चाकं फिरवायची विजेनेच, पण गाडीत एक इंजिनही ठेवायचं, चाकांना न जोडलेलं, फक्त जनरेटर फिरवणारं. अमेरिकेत फोर्डने एफ-150 लाइटनिंग ही पूर्ण इलेक्ट्रिक पिकअप 2022 मध्ये रस्त्यावर आणली आणि डिसेंबर 2025 मध्ये ती थांबवून पुढची लाइटनिंग अशा जनरेटरवाली असेल असं जाहीर केलं. रॅम कंपनीनेही आपल्या पूर्ण इलेक्ट्रिक पिकअपचा बेत सोडून याच रचनेवर भर दिला. तिच्या आराखड्यात 92 किलोवॅट-तासांची बॅटरी, 3.6 लिटरचं पेट्रोल इंजिन आणि 130 किलोवॅटचा जनरेटर आहे. चीनच्या बीवायडीने 2024 मध्ये आणलेली शार्क पिकअप मात्र प्लग-इन हायब्रिड, म्हणजे बाहेरूनही चार्ज करता येणारी, आहे. तिच्यातलं इंजिन वीज बनवतं आणि गरज पडली तर चाकंही फिरवतं.

जनरेटर 130 किलोवॅटचा पुरतो का, हे हिशेबाने पाहण्यासारखं आहे. गाडी आणि ट्रेलर मिळून आठ टन, रस्ता शंभर मीटरला सहा मीटर चढणारा, वेग ताशी 90. नुसतं वजन वर उचलायला 118 किलोवॅट लागतात. हवा आणि टायर मिळून आणखी 45-50. वाटेतली गळती धरली तर बॅटरीतून 180 काढावे लागतात आणि जनरेटर भरतो 130. राहिलेले 50 बॅटरीने द्यायचे. अर्ध्या तासाच्या चढात 25 किलोवॅट-तास गेले. म्हणजे चढ सुरू व्हायच्या आधी बॅटरीत तेवढी शिल्लक हवी. गाडीला पुढचा रस्ता ठाऊक असेल आणि तिने आधीच जनरेटर चालू करून साठा करून ठेवला, तरच ही जोडी निभावते. नकाशा आणि इंजिन यांची गाठ पडते ती अशी.

चासीचा वाद मी थोडक्यात आवरतो. शिडीच्या आकाराची चासी, म्हणजे दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, ही या गाड्यांची जुनी ओळख. 2020 च्या लँड रोव्हर डिफेंडरने ती सोडून अ‍ॅल्युमिनियमची एकसंध बॉडी घेतली आणि जुने चाहते हळहळले. एसयूव्हीपुरतं पाहिलं तर हा बदल पसरत जाईल असं मला वाटतं. पिकअपमध्ये शिडी टिकेल, कारण त्याच चासीवर हौदा, क्रेन किंवा रुग्णवाहिका काहीही चढवता येतं. बॅटरी मात्र दोन तुळयांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसवावी लागते, आणि तिला पिळवटून घेणं सोसत नाही. इलेक्ट्रिक जी-क्लासने ती तिथेच बसवली आणि खालून दगडांचा मार झेलायला 26 मिलिमीटर जाडीचं संरक्षक कवच दिलं.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. इंजिन श्वास घेतं. त्या श्वासाबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर पिस्टन वर येतो, पाणी दबत नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. मोटारीला हवा लागत नाही. पण सीलबंद पेटीलाही पाणी गाठतं, आणि ते कसं हे जवळून पाहण्याजोगं आहे. तासभर चालून एक्सल तापलेला असतो. आतली हवा गरम होऊन फुगलेली. गाडी थंड ओढ्यात उतरते, धातू झटकन गार होतो, आतली हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. वरून ओघळणारं पाणी जिथे शिरलं नसतं, तिथे बाहेरचं पाणी सीलच्या कडेने आत शोषलं जातं. म्हणून एक्सलला श्वासनळी असते आणि तिचं तोंड पाण्याच्या वर न्यावं लागतं. मोटारीच्या आणि बॅटरीच्या पेटीलाही हाच नियम लागू आहे.

मला काळजी वाटते ती दुरुस्तीची. चासीला तडा गेला तर वेल्डर मिळतो, स्प्रिंगचा पाटा तुटला तर बांधून वस्तीपर्यंत येता येतं. बॅटरीची पेटी दगडाने चेपली तर आतल्या सेलना इजा झाली की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि ते सांगणारं सॉफ्टवेअर बहुधा कंपनीच्याच कुलपात असतं. लांबच्या वाटेवर दणकट गाडी म्हणजे जी मोडली तरी परत आणता येते ती. पेटी खंडांमध्ये विभागलेली असावी, बिघडलेला खंड बाजूला काढून उरलेल्यांवर गाडी हळू का होईना चालावी आणि बिघाडाचे संकेत कुणाही कारागिराला वाचता यावेत, हा आग्रह वापरणाऱ्यांनी आत्ताच धरायला हवा.

बॉनेटबद्दलही हेच म्हणेन. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने 2023 मध्ये दाखवून दिलं की सुमारे एक मीटरहून उंच बॉनेटची गाडी पादचाऱ्याला धडकली तर त्याचा जीव जाण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा 45 टक्क्यांनी जास्त असते. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत पुढे इंजिनच नाही. तरी बॉनेट तेवढंच उंच आणि उभं ठेवलं जातं, केवळ गाडी रुबाबदार दिसावी म्हणून. समोर उभं असलेलं लहान मूल त्यामुळे ड्रायव्हरला दिसत नाही.

या बदलाची सुरुवात मात्र अनेकांना वाटते तशी शहरातल्या दिखाऊ गाड्यांपासूनच होते असं नाही. टोयोटा आणि बीएचपी ही खाणकंपनी यांनी 2021 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निकेलच्या खाणीत लँड क्रूझर 70 विजेवर चालवून पाहिली. 2025 अखेरीस आलेल्या टोयोटाच्याच इलेक्ट्रिक हायलक्स पिकअपची बॅटरी 60 किलोवॅट-तासांहूनही लहान आहे. लांबच्या प्रवासाला ती अपुरी पडेल, पण रोज ठरलेल्या फेऱ्या मारून संध्याकाळी तळावर परतणाऱ्या गाडीला पुरते. जमिनीखालच्या बोगद्यात तर मजलीपेक्षा हवेचा प्रश्न मोठा असतो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच स्पष्ट केलं आहे, आणि तो धूर बाहेर काढायला खाणीला दिवसरात्र प्रचंड पंखे चालवावे लागतात. तिथे माणसं नेणारी गाडी विजेवर आली की पंख्यांवरचा भार हलका होतो आणि मागून चालत येणाऱ्या कामगाराच्या छातीत धूर जात नाही.