ला ग्वार्डिया, फिओरेलो हेन्री

(११ डिसेंबर १८८२ – २० सप्टेंबर १९४७). न्यूयॉर्क शहराचे महापौर (१९३४–४५) व अमेरिकन काँग्रेसचे सदस्य. जन्म न्यूयॉर्कमध्ये. वडील इटलीहून आलेले, सैन्यात बँडमास्तर. आई त्रिएस्तच्या ज्यू घराण्यातली. बालपण ॲरिझोनातील लष्करी छावण्यांत गेले. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या वेळी ठेकेदारांनी पुरवलेले खराब डबाबंद मांस खाऊन वडिलांची प्रकृती कायमची ढासळली, असे ला ग्वार्डिया मानत. पुढे काँग्रेसमध्ये निवडून गेल्यावर, युद्धकाळात सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्यांना देहदंडापर्यंत शिक्षा सुचवणारे विधेयक त्यांनी मांडले. सार्वजनिक पैशातल्या चोरीबद्दलची ही चीड त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत दिसते.

तरुणपणी बुडापेस्ट व फ्यूमे (आजचे क्रोएशियातील रियेका बंदर) येथील अमेरिकन वकिलातींत त्यांनी नोकरी केली. फ्यूमेहून अमेरिकेला निघालेल्या स्थलांतरितांची वैद्यकीय तपासणी जहाजावर चढण्यापूर्वीच व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. घरदार विकून निघालेल्या माणसाला महासागर ओलांडल्यावर परत पाठवणे त्यांना क्रूर वाटे. १९०७ ते १९१० या काळात न्यूयॉर्क बंदरातील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, एलिस बेटावर, दुभाष्याचे काम करत त्यांनी रात्रीच्या वर्गात कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. इटालियन, यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा), जर्मन, क्रोएशियन या भाषा त्यांना निवडणुकांत फार उपयोगी पडल्या. १९२२ मध्ये ज्यूविरोधी असल्याचा आरोप झाला, तेव्हा त्यांनी प्रतिस्पर्ध्याला यिडिशमधून जाहीर वादाचे आव्हान दिले. त्याला ती भाषा येत नव्हती. कामगारांच्या संपाविरुद्ध न्यायालयीन मनाई हुकूम मिळवण्यावर बंधने घालणारा १९३२ चा नॉरिस-ला ग्वार्डिया कायदा ही काँग्रेसमधील त्यांची मोठी कामगिरी.

न्यूयॉर्कच्या महापौराचे पद आपल्याकडच्यासारखे नाही. मुंबईत महापौर सभागृहाचा अध्यक्ष असतो आणि प्रशासनाची सूत्रे राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात. न्यूयॉर्कमध्ये महापौर थेट मतदारांकडून निवडला जातो आणि खातेप्रमुख तोच नेमतो. म्हणूनच ‘टॅमनी हॉल’ या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेने हे पद अनेक वर्षे हातात ठेवून नोकऱ्या व कंत्राटे आपल्या माणसांत वाटली होती. भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे १९३२ मध्ये महापौर जिमी वॉकर यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्या वर्षी रिपब्लिकन व सुधारणावादी गटांच्या एकत्रित तिकिटावर ला ग्वार्डिया निवडून आले. मंदीने शहराची तिजोरी रिकामी झाली होती, लाखो लोक बेकार होते.

शहराला पैसा मिळाला तो वॉशिंग्टनहून. नावाने रिपब्लिकन असूनही ला ग्वार्डिया यांनी डेमोक्रॅटिक अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याशी घट्ट नाते जोडले. शहराच्या कामांचे आराखडे ते तयार ठेवत, त्यामुळे ‘न्यू डील’ या मंदीतून सावरण्यासाठीच्या सरकारी कार्यक्रमाच्या निधीचा मोठा वाटा न्यूयॉर्कला मिळाला. त्यातून पूल, उद्याने, पोहण्याचे तलाव, शाळा, रुग्णालये आणि १९३५ पासून शहराच्या मालकीची स्वस्त घरे उभी राहिली. न्यूयॉर्कचे तिकीट असताना विमान न्यू जर्सीतील न्यूअर्कला उतरले म्हणून त्यांनी विमानातून उतरायला नकार दिला होता. शहराला स्वतःचा विमानतळ हवा, ही त्यांची मागणी १९३९ मध्ये नव्या विमानतळाच्या रूपाने पुरी झाली, आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९४० मध्ये दोन खाजगी भुयारी रेल्वे कंपन्या विकत घेऊन शहराने सगळी रेल्वे एका छत्राखाली आणली.

लोकांसमोर राहण्याची त्यांना विलक्षण हौस होती. जुगाराची यंत्रे ते स्वतः घणाने फोडत, आगीच्या ठिकाणी धावत जात, दर रविवारी रेडिओवर बोलत. १९४५ च्या उन्हाळ्यात वृत्तपत्र वाटपाचा संप झाला, तेव्हा त्यांनी मुलांसाठी चित्रकथा रेडिओवर वाचून दाखवल्या.

मात्र त्यांच्या कारभाराची दुसरी बाजू झाकता येत नाही. सहकाऱ्यांशी ते उर्मटपणे वागत. उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांच्या हाती त्यांनी एवढी सत्ता जाऊ दिली की पुढच्या महापौरांनाही ती आवरता आली नाही. कृष्णवर्णीयांची वस्ती असलेल्या हार्लेममधील १९३५ च्या दंगलीनंतर त्यांनी चौकशी समिती नेमली, पण पोलिसांवर व शहराच्या खात्यांवर ठपका ठेवणारा तिचा अहवाल स्वतः प्रसिद्ध केला नाही. कृष्णवर्णीयांना घरे नाकारणाऱ्या स्टायव्हेसंट टाउन प्रकल्पालाही १९४३ मध्ये त्यांनी संमती दिली. गरिबांचा कैवार घेणाऱ्या माणसाकडून हे घडले, म्हणून ते अधिक खटकते.

तीन कार्यकाळांनंतर त्यांनी पद सोडले आणि १९४६ मध्ये युद्धग्रस्तांना अन्न व मदत पोहोचवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचे ते महासंचालक झाले. त्यांची बहीण जेमा ग्लक हिला नाझींनी १९४४ मध्ये बुडापेस्टमध्ये पकडून राव्हेन्सब्र्युक छळछावणीत ठेवले होते. सुटकेनंतर ती निर्वासित म्हणून बर्लिनमध्ये अडकली, तेव्हा तिच्यासाठी वेगळा नियम लावायला त्यांनी नकार दिला. इतर लाखो निर्वासितांप्रमाणे तिलाही थांबावे लागले. ती मे १९४७ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ला ग्वार्डिया यांचे निधन झाले.