डीएनएस दोषशोधन

सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला एखाद्या डोमेन नावाचा आयपी पत्ता मिळत नाही, उशिरा मिळतो किंवा चुकीचा मिळतो, तेव्हा बिघाड नेमका कुठे आहे हे हुडकून काढण्याची पद्धत. डीएनएस म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा. रोजच्या बोलण्यात ‘नाव रिझॉल्व्ह होत नाही’ एवढेच म्हटले जाते. पण या एवढ्याशा वाक्यामागे एकमेकांशी काहीही संबंध नसलेले कितीतरी बिघाड असू शकतात. पहिली चाचणी सोपी आहे. आयपी पत्ता थेट दिला की जोडणी होते आणि नाव दिले की होत नाही, तर दोष नावाच्या वाटेवर आहे. पत्ता देऊनही जोडणी होत नसेल, तर आधी नेटवर्क, राउटिंग आणि फायरवॉल तपासावे.

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कच्या काळात सगळ्या यंत्रांची नावे एकाच फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही सोय अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी (इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) ८८२ आणि ८८३ मधून नावांची जबाबदारी वाटून देणारी रचना, म्हणजेच डीएनएस, मांडली. १९८७ चे आरएफसी १०३४ आणि १०३५ हे दस्तऐवज आजही तिचा पाया आहेत. जुनी फाइल मात्र गेली नाही. प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर ‘इटीसी’ फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ नावाने ती अजून आहे, आणि बहुतेक ठिकाणी डीएनएसच्या आधी तिलाच विचारले जाते.

प्रोग्रॅमची वाट आणि डिगची वाट

लिनक्सवरचा प्रोग्रॅम सहसा स्वतः डीएनएसशी बोलत नाही. तो सिस्टिमच्या सी लायब्ररीला नाव देतो. ती लायब्ररी ‘एनएसस्विच डॉट कॉन्फ’ वाचून कोणाला आधी विचारायचे ते ठरवते, मग होस्ट्स फाइल पाहते आणि तिथे नाव नसेल तर ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ मध्ये दिलेल्या नेमसर्व्हरकडे, म्हणजे नावांची उत्तरे देणाऱ्या सर्व्हरकडे, जाते. तो नेमसर्व्हर (यालाच रिझॉल्व्हर म्हणतात) पुढे सगळ्या नावांच्या मुळाशी असलेला रूट, मग ‘कॉम’सारखे वरचे डोमेन आणि शेवटी त्या डोमेनच्या मूळ नोंदी सांभाळणारा अधिकृत नेमसर्व्हर अशी साखळी चढत जातो.

‘डिग’ ही डीएनएसला थेट प्रश्न विचारणारी लोकप्रिय कमांड यातले पहिले टप्पे सोडूनच देते. ती होस्ट्स फाइल वाचत नाही, एनएसस्विचला जुमानत नाही आणि वेगळे सांगितल्याशिवाय सर्च यादीतली डोमेने नावाला जोडत नाही. म्हणून डिगला बरोबर उत्तर मिळते आणि प्रोग्रॅम मात्र चुकीच्या पत्त्याकडे जातो, असा प्रसंग वारंवार येतो. तासन्‌तास इथेच वाया जातात. प्रोग्रॅमला काय दिसते ते पाहायचे असेल तर ‘गेटएंट’ वापरावे, कारण ते त्याच लायब्ररीच्या वाटेने जाते. गेटएंट आणि डिग यांची उत्तरे जुळत नसतील तर दोष त्याच सर्व्हरवर आहे. बाहेरच्या कोणाला दोष देण्याचे कारण उरत नाही. बहुधा कोणीतरी कधीकाळी तात्पुरती म्हणून होस्ट्स फाइलमध्ये टाकलेली ओळ तिथे निघते.

आजच्या अनेक लिनक्स वितरणांत रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये १२७.०.०.५३ हा एकच पत्ता दिसतो. तो सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्‌डचा स्थानिक पत्ता आहे. ही सेवा त्याच सर्व्हरवर प्रश्न घेऊन पुढे पाठवते. खरे नेमसर्व्हर कोणते हे ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सांगते. हीच फाइल जशीच्या तशी कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवण्याच्या बंदिस्त कप्प्यात, गेली की नावे सुटत नाहीत (त्यांचे पत्ते मिळत नाहीत), कारण कंटेनरचा १२७ ने सुरू होणारा पत्ता त्याचा स्वतःचा असतो आणि तिथे ऐकायला कोणीच बसलेले नसते.

उत्तरांचा अर्थ

नकार आला म्हणजे कोणीतरी बोलले, आणि काय बोलले याला फार महत्त्व आहे. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे असे नाव अस्तित्वातच नाही: टंकलेखनाची चूक, मुदत संपलेले डोमेन किंवा झोन फाइलमध्ये (झोन म्हणजे एका नेमसर्व्हरकडे सोपवलेला डोमेनचा भाग, त्याच्या नोंदींची फाइल) नावाच्या शेवटचा पूर्णविराम राहून जाणे. हा शेवटचा प्रकार फसवा आहे. पूर्णविराम नसला की झोनचे नाव पुन्हा एकदा मागे चिकटते आणि भलतेच लांब नाव तयार होते. ‘नोएरर’ आले पण उत्तराचा भाग रिकामा असेल, तर नाव आहे, मात्र मागितलेल्या प्रकारचे रेकॉर्ड नाही. फक्त आयपीव्ही६ चा पत्ता नोंदवलेला असतो आणि आपण आयपीव्ही४ चा मागत असतो. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या नेमसर्व्हरला तुम्हाला उत्तर द्यायचे नाही. तो झोन त्याच्याकडे नसतो, किंवा तुमच्यासाठी साखळी चढायला त्याला मनाई केलेली असते.

‘सर्व्हफेल’ सर्वात त्रासदायक, कारण मधल्या रिझॉल्व्हरला उत्तर मिळवता आले नाही एवढेच ते सांगते. अशा वेळी डिगला ‘ट्रेस’ जोडून रूटपासून खाली एकेक पायरी स्वतः उतरावी. वरच्या डोमेनमध्ये एक नेमसर्व्हर नोंदवलेला आणि प्रत्यक्षात तो झोन तिथून हलवलेला, असे अनेकदा आढळते. कधी नोंदी बिनचूक असतात, पण तिथवर जाणारा रस्ताच नसतो: ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या नेमसर्व्हरकडे नेणारे बीजीपी मार्ग (नेटवर्क एकमेकांना कळवतात ते रस्ते) इंटरनेटवरून नाहीसे झाले आणि सुमारे सहा तास जगभरच्या रिझॉल्व्हरांना त्या नावांसाठी उत्तर मिळेना.

सर्व्हफेलचे दुसरे मोठे कारण डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल स्वाक्षऱ्या तपासण्याची सोय. ‘सीडी’ हा झेंडा लावून, म्हणजे स्वाक्षरी न तपासता विचारल्यावर पत्ता मिळत असेल, तर दोष स्वाक्षरीच्या पडताळणीत आहे. झोनच्या मालकाने स्वाक्षऱ्यांची मुदत उलटू दिलेली असते, किंवा पडताळणी करणाऱ्या सर्व्हरचे घड्याळ चुकलेले असते. घड्याळाच्या बाबतीत एक विचित्र पेच पडतो. वेळ दुरुस्त करायला एनटीपी, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या, सर्व्हरचे नाव सोडवावे लागते आणि वेळ चुकीची असल्याने ते नाव सुटत नाही. हाताने वेळ लावल्याशिवाय तिथून सुटका होत नाही.

आणि मौन. काहीच उत्तर आले नाही तर डीएनएसच्या पोर्ट ५३ वरची वाट कुठेतरी अडली आहे. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारी ‘टीसीपीडम्प’ ही कमांड लावून प्रश्न बाहेर पडतो का आणि उत्तर परत येते का हे डोळ्यांनी पाहणे, याइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

उशीर

नाव सुटते, पण बरोबर पाच सेकंदांनी सुटते, ही ठरलेली खूण आहे. ग्लिबसी, म्हणजे बहुतेक लिनक्सवरची सी लायब्ररी, एका नेमसर्व्हरची मुळात ५ सेकंद वाट पाहते आणि मग पुढच्याकडे वळते. यादीतला पहिला नेमसर्व्हर बंद पडला तर कुठेही त्रुटीचा संदेश दिसत नाही. फक्त प्रत्येक काम पाच सेकंद मागे पडते, आणि लोक डेटाबेसला नाहीतर प्रोग्रॅमला बोल लावतात. यादीत तीनपेक्षा जास्त नेमसर्व्हर लिहिले तरी पुढचे ती वाचतच नाही. हाच पाच सेकंदांचा झटका दुसऱ्याही कारणाने बसतो: आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ चे प्रश्न एकाच सॉकेटवरून एकदम जातात आणि मधली एखादी फायरवॉल त्यांपैकी एकाचे उत्तर गाळते. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये ‘सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ हा पर्याय दिल्यावर उशीर थांबला, तर कारण तेच. एसएसएचने दुरून सर्व्हरमध्ये शिरताना उशीर होत असेल तर उलटा शोध, म्हणजे पत्त्यावरून नाव काढणे, अडले आहे का ते पाहावे.

अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या कुबर्नेटिसमध्ये ‘एनडॉट्स’ या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधल्या पर्यायाचे मूल्य सहसा ५ असते. पाचपेक्षा कमी टिंबे असलेले प्रत्येक बाहेरचे नाव आधी सर्च यादीतल्या एकेका डोमेनला जोडून विचारले जाते आणि त्या सगळ्यांना नकार मिळाल्यावरच खरा प्रश्न जातो. नावाच्या शेवटी पूर्णविराम दिला की हा फेरा टळतो.

आकार

लहान उत्तरे येतात आणि मोठी हरवतात, हा प्रकार ओळखायला वेळ लागतो. मूळ मर्यादेप्रमाणे यूडीपीवरचे, म्हणजे आधी जोडणी न करता धाडलेले, उत्तर ५१२ बाइटांपेक्षा मोठे नसे. ईडीएनएस या डीएनएसच्या विस्तारामुळे ती वाढली, तरी तुकडे पडलेली पॅकेट अनेक ठिकाणी गाळली जातात. म्हणून २०२० पासून १२३२ बाइटांची शिफारस आहे. उत्तर त्यात मावले नाही तर तोच प्रश्न टीसीपीवरून, म्हणजे आधी जोडणी करून, पुन्हा विचारला जातो. फायरवॉलमध्ये यूडीपी ५३ उघडा आणि टीसीपी ५३ बंद ठेवला असेल तर नेमकी मोठी उत्तरे अडतात. अल्पाइन लिनक्समध्ये ग्लिबसीच्या जागी असलेल्या मस्ल लायब्ररीला टीसीपीवरून पुन्हा विचारणे २०२३ च्या १.२.४ आवृत्तीपर्यंत येतच नव्हते, त्यामुळे जुन्या इमेजवर चालणाऱ्या कंटेनरांत हा दोष अजूनही भेटतो.

कॅश

पत्ता बदलल्यावर ‘अजून पसरायचा आहे’ असे म्हणतात. खरे तर काहीही पसरत नाही. जुन्या प्रती आपापली टीटीएल (सेकंदांत दिलेली साठवणीची मुदत) संपेपर्यंत जागोजागी पडून असतात, इतकेच. टीटीएल ८६,४०० असेल तर एखाद्या रिझॉल्व्हरकडे पूर्ण दिवसभर जुना पत्ता राहू शकतो. म्हणून ती बदल करण्याच्या आदल्या दिवशी कमी करावी. बदलाच्या क्षणी कमी करून उपयोग नाही. नकारही साठवला जातो. आरएफसी २३०८ प्रमाणे त्याची मुदत झोनची मूळ माहिती देणाऱ्या एसओए रेकॉर्डवरून ठरते. त्यामुळे रेकॉर्ड तयार करण्याआधीच कोणी ते नाव विचारून पाहिले, तर रेकॉर्ड झाल्यावरही काही काळ ‘असे नाव नाही’ हेच उत्तर येत राहते.

कॅश प्रोग्रॅमच्या पोटातही असते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या संरचनेत साधे लिहिलेले मागच्या सर्व्हरचे नाव तो सुरू होताना एकदाच सोडवतो आणि रीलोड होईपर्यंत तोच पत्ता धरून बसतो. ग्लिबसीच्या २.२६ आवृत्तीआधी तर आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमला रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधला बदलही कळत नसे. सगळ्या चाचण्या बरोबर येत असूनही एकच प्रोग्रॅम जुन्या पत्त्याला चिकटला असेल, तर तो आधी पुन्हा सुरू करून पाहावा.

दुरुस्ती टिकणे

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ हाताने बदलली की लगेच नावे सुटू लागतात, आणि पुढच्या रीबूटला किंवा डीएचसीपीच्या (नेटवर्ककडून आपोआप पत्ता मिळवण्याच्या) नूतनीकरणाला तोच दोष परत येतो. ती फाइल अनेकदा नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्‌डने लिहिलेली असते आणि फाइलच्या वरच्या टिप्पणीत तसे नोंदवलेलेही असते. बदल त्या प्रोग्रॅमच्या संरचनेत करावा लागतो. अडचणीच्या वेळी होस्ट्स फाइलमध्ये ओळ टाकणे चूक नाही. मात्र ती का टाकली आणि कधी काढायची हे तिच्या शेजारीच टिप्पणीत तारखेसह लिहावे, म्हणजे तो पत्ता बदलेल तेव्हा पुढच्या माणसाला ती ओळ का आहे ते कळेल.