थोरल्याच्या कांजिण्या, धाकट्याचे पंधरा दिवस

गड्ड्याची यात्रा उरकते, सोलापुरात ऊन चढायला लागतं आणि पूर्व भागातल्या एखाद्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लटकलेला दिसतो. आत कुणाला तरी कांजिण्या आल्यात हे विचारावं लागत नाही. मराठी घरात म्हणतात ‘देवी आल्यात’, शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात ‘अम्मवारू’. फोडणी बंद, मटण बंद, दहीभात सुरू. थोरल्याला लिंबाचा पाला घातलेल्या पाण्याने अंघोळ घालून होते न होते तोच धाकट्याच्या पोटावर पहिला पाणीदार फोड उठतो. आजी म्हणते, “येऊ दे. एकदा आल्या की सुटला.”

आजीचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे, आणि डॉक्टरांनाही ते फार पूर्वी पटलं होतं. देवी आणि कांजिण्या हे दोन वेगळे रोग आहेत, हे लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी 1767 मध्ये नीट मांडलं. कांजिण्यांच्या फोडातल्या पाण्यात त्यांनी दोरा भिजवला आणि पूर्वी कांजिण्या होऊन गेलेल्या एकाच्या दंडावर छोटी चीर देऊन तो बांधला. जखम भरली, रोग आला नाही.

आपल्याकडे हा फरक ओळखण्याची खरी गरज पडली ती देवी निर्मूलनाच्या मोहिमेत. देवीच्या रुग्णाची खबर देणाऱ्याला शेवटी शेवटी हजार रुपयांपर्यंत बक्षीस होतं, आणि तपासायला जावं तर अनेकदा कांजिण्याच निघत. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, तळव्यांवरही, आणि सगळे एकाच अवस्थेत. कांजिण्या छाती-पोटावर जास्त. एक फोड ताजा तर शेजारच्याला खपली. 1975 नंतर देशात देवीचा रोग उरला नाही. ‘देवी आल्यात’ हे बोलणं मात्र उरलं, कांजिण्यांच्या वाट्याला.

भावंडांत हा रोग किती पसरतो, याची मोजदाद इंग्लंडमधल्या होप-सिम्पसन नावाच्या साध्या फॅमिली डॉक्टरने 1952 मध्ये छापली. घरात एकाला कांजिण्या आल्या, तर आधी न झालेल्या मुलांपैकी 61 टक्क्यांना त्या लागल्या. गोवराचा आकडा 76 च्या आसपास होता. पुढच्या अभ्यासांत कांजिण्यांचं प्रमाण 90 टक्क्यांपर्यंत गेलं. विषाणू हवेतून पसरतो, फोडातल्या पाण्यातूनही. शिवाय पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल तो पसरवत असतं. म्हणजे फोड दिसल्यावर पोरांना वेगळं झोपवायचं ठरवलं, तोवर दोघं एका चादरीखाली दोन रात्री झोपून झालेले असतात. आणि आई ज्या खोलीत विड्या वळते, त्याच खोलीत स्वयंपाक होतो. वेगळं झोपवायचं तरी कुठे?

लागण झाल्यापासून पुरळ उठायला 10 ते 21 दिवस, बहुधा दोन आठवडे. म्हणून भावंडांच्या कांजिण्या एकदम येत नाहीत, पाळीने येतात, आणि घराचा महिना जातो. दुसऱ्याला बऱ्याचदा फोडही जास्त येतात, कारण त्याने सतत जवळ राहून जास्त विषाणू घेतलेला असतो.

आता ‘सुटला’चं. कांजिण्या पुन्हा सहसा होत नाहीत, पण विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. नागिणीच्या घरात पोरांना कांजिण्या येतात, हे बुडापेस्टच्या फोन बोकाय यांना 1888 मध्येच दिसलं होतं. विषाणू एकच, हे अमेरिकेचे विषाणूतज्ज्ञ थॉमस वेलर यांनी 1950 च्या दशकात सिद्ध केलं. नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती आपल्याकडे अजून ऐकू येते. नागीण एका बाजूच्या एकाच तंतूच्या पट्ट्यात उठते, त्यामुळे कमरेला वेढा पडणं मुळातच दुर्मीळ.

मुलाला झालेल्या जबर कांजिण्या पाहून जपानच्या ताकाहाशींनी लस बनवायला घेतली आणि 1974 मध्ये ती जाहीर केली. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. खासगी बालरोगतज्ज्ञ दोन डोस देतात. थोरल्याला फोड दिसल्यापासून तीन, फार तर पाच दिवसांत धाकट्याला ती दिली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. गरोदर बाईला ही लस देत नाहीत, आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईला हा रोग जड जातो. तिने त्या खोलीत बसू नये. आणि तापासाठी पोरांना ॲस्पिरिन कधीच देऊ नये.