धार कशाने जाते?

दाढीचा केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असतो. तरी काही दिवस दाढी केली की पाते बोथट होते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी हे कसे घडते ते प्रत्यक्ष बघायचे ठरवले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आत मावेल एवढे छोटे यंत्र त्यांनी बनवले, त्यात पाते बसवले आणि केस कापला जात असताना धारेचे काय होते ते पाहिले. २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. धार घासून घासून गोल होते अशी आपली समजूत असते. इथे मात्र धारेवरून केसाच्या जाडीहूनही लहान कपच्या उडालेल्या दिसल्या. केस कापला जाताना वाकतो आणि धारेवर तिरका दाब देतो. नेमक्या त्या जागी पोलादाचा एक भाग कठीण आणि शेजारचा मऊ असेल, तर ताण त्या सीमेवर गोळा होतो, भेग पडते आणि कपची निघते.

सुरी किंवा कोयता यांच्यासाठी पोलाद निवडताना आपण सहसा ‘सर्वांत कठीण कोणते?’ असे विचारतो. मला वाटते त्याआधी या संशोधकांचा प्रश्न विचारायला हवा: धार नेमकी कशाने गेली? ती झिजते, मुडपते, तिला खांडे पडतात किंवा ती गंजते. या चारही दुखण्यांवर एकच औषध नाही. एकावरचा इलाज बहुतेक वेळा दुसरे दुखणे वाढवतो, आणि पोलाद निवडणे अवघड होते ते यामुळेच.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. कापण्याच्या हत्यारांत तो साधारण ०.५ ते १.५ टक्के असतो. साधे कार्बन पोलाद ८०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवले की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनला आत शिरायला जागा मिळते. हळूहळू थंड केले तर तो पुन्हा बाहेर पडतो आणि पोलाद मऊच राहते. पण लालबुंद पाते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो आणि अणूंची जाळी ताणून धरतो. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतो, ते हेच.

नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे असते, हातून पडले तरी तुटू शकते. म्हणून ते पुन्हा १५० ते २५० अंशांपर्यंत तापवून थोडे नरमवतात. त्यात थोडी कठीणता जाते आणि चिवटपणा येतो. कठीणता मोजायला रॉकवेल-सी हे माप वापरतात. हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने दाबायचा आणि तो किती आत रुतला ते पाहायचे. चांगल्या सुऱ्या या मापावर ५६ ते ६२च्या दरम्यान असतात, कुऱ्हाडी बहुधा ५० ते ५७. कुऱ्हाड बनवणाऱ्याला कठीण पोलाद मिळत नाही म्हणून हा फरक पडत नाही. तो मुद्दाम ठेवलेला असतो.

सुरीला दाब सोसायचा असतो, कोयत्याला आघात. लाकडात रुतलेला कोयता आपण वाकवून, पिळून सोडवतो तेव्हा धारेवर आडवा जोर येतो. तिथे पोलादाचा चिवटपणा, म्हणजे तुटण्यापूर्वी धक्का पचवण्याची ताकद, कामी येते. त्याचा संबंध कार्बनशी आहे. विरघळलेला कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असेल, तर मार्टेन्साइट बारीक पट्ट्यांच्या जुड्यांसारखे तयार होते. कार्बन त्याहून बराच वाढला की मोठाल्या तिरक्या चकत्या उगवतात. त्या वाढताना एकमेकींवर आदळतात आणि सूक्ष्म भेगा सोडतात. अशा पात्यात भेग पडायची बाकी नसते, ती जन्मापासूनच असते.

म्हणूनच तोडण्याच्या हत्यारासाठी माझी पसंती ५१६० या पोलादाला आहे. अमेरिकी पद्धतीच्या या नावात शेवटचे ६० म्हणजे ०.६० टक्के कार्बन. त्यात सुमारे ०.८ टक्के क्रोमियमही असते. एवढ्याशा क्रोमियमने गंज थांबत नाही, पण पाणी देताना सवड मिळते. १०९५ हे जवळजवळ निव्वळ कार्बन पोलाद आहे. त्याला ५५० अंशांच्या खाली सेकंदभराच्या आत आणावे लागते, नाहीतर मऊ रचना तयार व्हायला लागते. पातळ सुरीत ते साधते. जाड कोयत्यात बाहेरचा थर कठीण होतो आणि गाभा मऊ राहतो. ५१६० तेलात शांतपणे थंड केले तरी जाड पाते खोलवर कठीण होते, आणि तेलात पाते तडकण्याचा धोकाही पाण्यापेक्षा कमी.

५१६० मुळात स्प्रिंगचे पोलाद आहे. वाहनांचे कमानपाटे यापासून आणि याच्या भावंडांपासून बनतात, म्हणून जुन्या कमानपाट्याचा कोयता घडवणारे लोहार पुष्कळ. कल्पना चांगली आहे, पण वर्षानुवर्षे हादरे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, आणि तो नेमका कोणत्या पोलादाचा आहे हे त्यावर लिहिलेले नसते. पाणी देण्याचे गणित पोलादागणिक बदलते. मी कोरी, नावानिशी मिळणारी पट्टीच घेईन.

स्प्रिंगच्या पोलादाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ते लवचीक असते, म्हणजे सहज वाकते, असे लोक मानतात. खरे तर पाते वाकवायला किती जोर लागेल हे त्याच्या जाडीवर आणि आकारावर ठरते. मऊ असो की कठीण, सगळी पोलादे या बाबतीत जवळपास सारखी. पाणी दिल्याने फरक पडतो तो पुढे: किती वाकवले तरी पाते परत सरळ होईल, आणि कुठे ते वाकडेच राहील किंवा तुटेल.

आता झिजण्याकडे येऊ. दोर, पुठ्ठा, मातीने माखलेल्या वस्तू कापताना धारेला खरोखरच घासटण लागते, कारण त्यांत रेतीचे कण असतात. त्याविरुद्ध पोलादातले कार्बाइडचे कण उभे राहतात. कार्बन लोखंडाशी, क्रोमियमशी किंवा व्हॅनेडियम या धातूशी जोडला गेला की हे अतिकठीण कण तयार होतात. काँक्रीटमध्ये खडी असते तसे ते पोलादात विखुरलेले असतात. लोखंडाच्या कार्बाइडपेक्षा क्रोमियमचे कठीण, आणि व्हॅनेडियमचे त्याहून कितीतरी कठीण. इतके, की धार लावायच्या नेहमीच्या दगडातल्या अॅल्युमिनियम ऑक्साइडलाही ते दाद देत नाहीत. अशा पात्याला हिऱ्याची कणी बसवलेली पट्टी लागते. व्हॅनेडियम भरपूर असलेली सुरी घेणाऱ्याने ही पट्टीही घेतली नाही, तर पहिल्यांदा धार गेल्यावर ती सुरी खणात पडून राहील.

पण खडी मोठी असली की काँक्रीटची पातळ कड ढासळते. डी-२ हे साच्यांसाठी बनलेले पोलाद आहे. त्यात सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते. वितळलेला रस साच्यात सावकाश गोठतो तेव्हा कार्बाइडचे कण काही दहा मायक्रॉनपर्यंत वाढतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तीक्ष्ण धारेचे टोक एका मायक्रॉनहूनही बारीक असते. एवढ्या बारीक धारेत एवढा मोठा कण धरून ठेवायला आजूबाजूला पोलादच उरत नाही. तो निखळला की धारेला खांडे पडते. १९७०च्या सुमारास यावर तोड निघाली. वितळलेल्या रसावर वायूचा झोत मारून त्याची भुकटी करायची. प्रत्येक थेंब क्षणात गोठतो, कार्बाइडला वाढायला अवधीच मिळत नाही. मग ही भुकटी प्रचंड दाबाखाली तापवून तिचा एकसंध ठोकळा करायचा. आजची बहुतेक महागडी पोलादे अशीच बनतात.

गंजाची गोष्ट १९१३ सालची. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर खराब होऊ नयेत म्हणून मिश्रधातू करून पाहत होते. त्यातल्या १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेल्या पोलादावर आम्लाचा परिणाम होईना. पुढे सुऱ्यांना याचाच उपयोग झाला. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अतिशय पातळ, चिवट थर तयार करते. तो खरवडला तरी आपोआप भरून येतो. मात्र त्यासाठी क्रोमियम पोलादात विरघळलेले असावे लागते. कार्बाइडच्या कणांत अडकलेले क्रोमियम गंज रोखायला येत नाही. म्हणून १२ टक्के क्रोमियम असूनही डी-२ गंजते. आकडा वाचून फसायला होते ते इथे.

कार्बन वाढवावा तर तो क्रोमियम पळवतो, कमी करावा तर धार मऊ पडते. या ओढाताणीत मला सर्वांत सुंदर वाटणारे उत्तर म्हणजे एईबी-एल. हे स्वीडनमध्ये दाढीच्या पात्यांसाठी घडवलेले पोलाद आहे. कार्बन सुमारे ०.६७ टक्के, क्रोमियम १३ टक्के. ही जोडी अशी जुळवली आहे की मोठे कार्बाइड तयारच होत नाहीत, आणि तेही भुकटीचा महाग मार्ग न धरता. नीट पाणी दिले तर रॉकवेल-सीवर ६०च्या वर जाते, सहसा गंजत नाही, साध्या दगडावर पटकन धार घेते आणि त्या कठीणतेलाही चिवट राहते. घासटणीपुढे ते मोठमोठ्या नावांइतके टिकत नाही, हे खरे. पण चार मिनिटांत पुन्हा लागणारी धार मला एकदा लावून वर्षभर पुरणाऱ्या धारेहून जवळची वाटते. सुरीसाठी माझी निवड हीच.

ज्यांना झीज आणि गंज दोन्ही नकोत, त्यांच्यासाठी २०२१ साली लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने मॅग्नाकट नावाचे पोलाद घडवले. भुकटीच्या पद्धतीने बनणाऱ्या या पोलादात क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के आहे, पण पाणी दिल्यावर क्रोमियमचे कार्बाइड उरतच नाहीत. झीज सोसण्याचे काम व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक कार्बाइड करतात, क्रोमियम गंज रोखायला मोकळे राहते. कमी क्रोमियम घालून गंज जास्त रोखायचा, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

इतके सांगूनही, नाव छान असलेले पोलाद आणि चांगले पाते यांत अंतर आहे. पाणी देताना भट्टी जास्त तापली तर पोलादातले स्फटिक मोठे होतात आणि चिवट पोलादही ठिसूळ होते. धार लावताना कोरड्या ग्राइंडरवर पाते धरले आणि कडेला निळी झाक आली, की तिथले पाणी उतरले. निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेले. मग मूळ पोलाद कितीही भारी असो, तेवढी धार मऊ झाली.

अमेरिकेतली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही पाते घडवणाऱ्यांची संघटना १९७६ पासून काम करते. तिच्या पहिल्या टप्प्याच्या परीक्षेत एकाच पात्याने आधी लोंबकळता दोर एका घावात कापायचा, मग लाकडाची फळी तोडायची, मग त्याच धारेने हातावरचे केस भादरायचे, आणि शेवटी पाते शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून ९० अंशांत वाकवायचे. ही परीक्षा साध्या कार्बन पोलादाच्या पात्याने देतात. तिथे पाहिले जाते ते घडवणाऱ्याने धार कशी ठेवली आणि पाणी कसे दिले. दोन्ही बाजू मिळून ३० अंशांची धार ५० अंशांच्या धारेपेक्षा कितीतरी सहज चालते, आणि पोलाद बदलून पडतो त्याहून हा फरक बहुतेकदा मोठा असतो. उलट, खांडे पडणाऱ्या कोयत्याची धार थोडी जाड केली की तेच पोलाद नीट वागू लागते.

म्हणून नवे पोलाद शोधण्याआधी जुन्या हत्याराची धार दिव्याखाली धरून पाहावी. तीक्ष्ण धार प्रकाश परतवत नाही, बोथट जागा चमकते. नख धारेच्या बाजूवरून हळूच खाली सरकवताना कडेला अडकले, तर धार त्या बाजूला मुडपली आहे. पुढच्या वेळी रॉकवेल-सीवर एक-दोन अंकांनी कठीण पाते घ्यावे. चकाकणारे तुटक ठिपके दिसले तर ती खांडी; तिथे धारेचा कोन वाढवावा, नाहीतर ५१६०सारखे चिवट पोलाद घ्यावे. तांबूस डाग आणि बारीक खड्डे असतील, तर क्रोमियमकडे वळावे. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी, सलग चमकती रेघ दिसली, तर धार नुसती झिजली आहे. व्हॅनेडियमच्या पोलादावर पैसे घालायचे ते तेव्हा.