सीलच्या आत, सीलच्या बाहेर: घरी सांभाळल्या जाणाऱ्या रेसिंग कार्टची पार्श्वभूमी

रेसिंग कार्टचं, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या चारचाकीचं, इंजिन घरी खोलावं की नाही, हा वाद इंजिनं सीलबंद येऊ लागली तेव्हापासूनचा, जेमतेम पंचवीस-तीस वर्षांचा आहे. त्याआधी हा प्रश्न कुणाला सुचलाही नसता. कार्ट जन्मली तीच मुळी घरच्या गॅरेजमध्ये. १९५६ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलमध्ये, रेसिंग गाड्या बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या कारागिराने फावल्या वेळात नळ्या जोडून सांगाडा उभा केला आणि गवत कापायच्या यंत्राचं अडीच अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन त्यावर बसवलं. पुढच्याच वर्षी १२९ डॉलरला सुटे भाग खोक्यात मिळू लागले. जोडणी ज्याची त्याने करायची. बांधणी, दुरुस्ती आणि सुधारणा ही तिन्ही कामं एकाच माणसाची, एकाच टेबलावरची.

१९५९ मध्ये झाडं कापायच्या यांत्रिक करवती बनवणाऱ्या एका कंपनीने खास कार्टसाठी इंजिन काढलं. ही सोयरीक पुढे फार टिकली. करवत आडवी, उभी, उलटी कशीही धरली तरी चालली पाहिजे, म्हणून तिच्या कार्ब्युरेटरला (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला) फ्लोटची, म्हणजे पेट्रोल साठवून पातळी राखणारी, वाटी नसते. पेट्रोलचा पुरवठा एक लवचिक पडदा सांभाळतो. कार्ट वळणात घुसते तेव्हा वाटीतलं पेट्रोल एका अंगाला चढतं, पडद्याला त्याचं सोयरसुतक नसतं. त्या कार्ब्युरेटरचे दोन स्क्रू, एक इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या कमी फेऱ्यांसाठी आणि एक जास्त फेऱ्यांसाठी, पुढच्या कितीतरी पिढ्यांनी बोटांच्या पेरांनी फिरवले. पडद्याने हलणारी सुईची झडप किती दाबाला उघडते हे तपासायचा हातपंप आणि गेज आजही अनेकांच्या पेटीत असतं.

१९६० च्या दशकात खेळ युरोपात गेला, इटलीत इंजिनांचे आणि चासींचे (सांगाड्यांचे) कारखाने उभे राहिले, १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमन आलं आणि १९६४ मध्ये रोमला पहिली जागतिक स्पर्धा झाली. या काळावर बरंच लिहिलं गेलं आहे. घरच्या टेबलाच्या दृष्टीने त्यातून एकच गोष्ट उरली, ती म्हणजे १०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन.

त्या इंजिनाला क्लच नव्हता, गिअर नव्हते, स्टार्टर नव्हता. मागून ढकलायचं, चालकाने पळत-पळत उडी मारून बसायचं. साखळी क्रँकवरून (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरून) थेट मागच्या चाकांच्या दांड्यावर, म्हणजे एक्सलवर. शेवटच्या वर्षांत वरच्या गटातली इंजिनं मिनिटाला २०,००० फेऱ्यांच्या आसपास पोहोचली होती, आणि त्याची किंमत पिस्टन मोजायचा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात लांब सरळ पट्टा संपत आला की चालक एक हात सोडून हवेच्या तोंडावर क्षणभर तळवा धरायचा. हवा कमी झाली की तेल मिसळलेलं पेट्रोल जास्त ओढलं जायचं आणि पिस्टनला ओलावा मिळायचा. विसरला तर ब्रेक लावायच्या ठिकाणी अ‍ॅक्सिलरेटर सोडताच इंजिन सीझ, म्हणजे पिस्टन सिलिंडरला चिकटून जाम. संध्याकाळी घरी आल्यावर ते खोलायचं, सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम काढायचं, बोअर (सिलिंडरचं भोक) सावरता येत असेल तर होनिंग करून, म्हणजे आतून बारीक घासून, एक माप मोठा पिस्टन टाकायचा, नाहीतर लेथवाल्याकडे जायचं.

याच काळातलं आणखी एक काम आज बऱ्याच जणांनी फक्त ऐकलेलं असतं. स्पार्क प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत आत घालायची. पिस्टन वरच्या टोकावरून जाईल असा क्रँक हाताने एकदा फिरवायचा. तार बाहेर काढून चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजायचं. पिस्टन आणि हेड यांच्यात कडेला उरणारं अंतर ते हेच. पिनच्या रेषेतच का, तर तिथे पिस्टन डुलत नाही. आडव्या बाजूला घातली तर माप फसवं येतं. अंतर जास्त निघालं की सिलिंडरखालचं गॅस्केट एक दशांश मिलिमीटरने पातळ घालायचं आणि पुन्हा तार. फार कमी केलं तर मात्र वरच्या फेऱ्यांना कनेक्टिंग रॉड ताणून पिस्टन हेडला टेकतो. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी तार दोनदा घालतो.

इथेच तो शब्द येतो ज्याने पुढचा सगळा गोंधळ घातला: ब्लूप्रिंटिंग. मूळ अर्थ साधा आणि सोज्वळ. कारखान्यातून येणारा प्रत्येक भाग नकाशातल्या मापाच्या थोडा अलीकडे-पलीकडे असतो. तो घरी मोजून, घासून, जुळवून नकाशातल्या मापावर आणायचा. समजा एका पोर्टची (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या खिडकीची) उंची अमुक, त्यात दशांशभर कमी-जास्त चालेल असं नकाशा म्हणतो. सरळ माणूस मधलं माप धरेल. शर्यतीतला माणूस विचारतो, चालेल म्हणताय तर कुठल्या टोकाला जास्त फायदा? आणि कानस त्या टोकापर्यंत नेऊन थांबवतो. पोर्ट वरच्या टोकाला, हेडमधली पोकळी नियमातल्या किमान घनफळावर, क्रँकचा स्ट्रोक (पिस्टनच्या धावेची लांबी) परवानगीच्या शेवटच्या काठावर. एकेक माप नियमात बसतं, आणि सगळी मिळून जे इंजिन तयार होतं तसं कारखान्याने कधीच बनवलेलं नसतं.

गंमत अशी की त्यालाही ‘स्टॉक’च म्हणायचे. फोर-स्ट्रोकच्या गटांत तर हे उघड होतं. अमेरिकेत गवत कापायच्या यंत्रांच्या साइड-व्हाल्व्ह इंजिनांवर ‘स्टॉक’ नावाचा जो गट चालायचा, त्यात खोक्यातून काढलेलं इंजिन तसंच लावून उतरणारा मागेच राहायचा. पुढे धावणारं इंजिन मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे घेऊन कुणीतरी जुळवून दिलेलं असायचं. तपासनीस हेडमधल्या पोकळीत ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने) तेल ओतून घनफळ मोजायचे, गेज लावून पोर्ट बघायचे, आणि सगळं बरोबर भरायचं. स्टॉक म्हणजे कारखान्यातून जसं आलं तसं, की नियमपुस्तिकेत मावेल तसं? दोन्ही बाजूंनी भांडणारे लोक एकच शब्द वापरत होते, म्हणून भांडण मिटत नव्हतं.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका ऑस्ट्रियन इंजिन कंपनीने हा प्रश्न शब्दकोशातून उचलून तारेने बांधला. पाण्यावर थंड होणारं १२५ सीसीचं टू-स्ट्रोक, बटणावर सुरू होणारं, सेंट्रिफ्युगल (फेऱ्या वाढल्या की आपोआप धरणाऱ्या) क्लचचं, आणि सीलबंद. सीलची तार हवा-पेट्रोल आत येण्याच्या तोंडावरच्या फ्लँजचा एक स्क्रू, सिलिंडरचा एक स्टड आणि हेडच्या झाकणाचा एक स्टड यांतून ओवलेली असते. टोकाला क्रमांकाची छोटी चकती दाबून बसवतात. चकतीचा क्रमांक इंजिनाच्या वहीत लिहिलेला असतो. तार कापल्याशिवाय सिलिंडर उचलता येत नाही, आणि कापली तर अधिकृत केंद्रातून पुन्हा सील होऊन येईपर्यंत ते इंजिन शर्यतीला बाद.

निर्णयामागची कारणं खोटी नव्हती. १०० सीसीला काही तासांत पिस्टन लागायचा. हे इंजिन नीट वागवलं तर ५० तासांच्या आसपास चालावं अशा बेताने केलेलं होतं. पळत ढकलायला दुसरा माणूस लागत नव्हता, त्यामुळे बाप आणि मुलगी अशी दोघंही शर्यतीला जाऊ शकत होती. ज्यांना मिलिमीटरच्या दशांशात रस नव्हता त्यांच्यासाठी हे वरदान होतं, आणि असे लोक पुष्कळ होते. २००० पासून या एकाच इंजिनावर जागतिक अंतिम फेरी भरू लागली, हे उगाच नाही.

पण सीलने मापातली ढील नाहीशी केली नाही, फक्त तिला हात लावायची बंदी केली. खोक्यातून निघालेली दोन इंजिनं एकसारखी नसतातच. पूर्वी ज्याच्या वाट्याला मंद इंजिन आलं तो ते घरी खोलून, रात्री जागवून दुसऱ्याच्या बरोबरीला आणायचा. आता पैसेवाला चार-पाच घेतो, डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) लावतो, बरं निघालेलं ठेवतो आणि बाकीची विकतो. त्या विकलेल्यांपैकी एक घेणारा बिचारा कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोलचं बारीक भोक असलेला तुकडा) बदलत बसतो. शिवाय अधिकृत केंद्राला इंजिन उघडायची मुभा आहेच, आणि तिथेही मापं टोकापर्यंत नेता येतातच. म्हणजे ब्लूप्रिंटिंग संपलं नाही, त्याचा पत्ता बदलला. अर्थात १०० सीसीच्या दिवसांतही महागडे ट्यूनर होतेच आणि घरच्या कानसवाल्याला ते सहज हरवायचे, हेही सांगायला हवं. फक्त तेव्हा तो हरला तरी त्याला काय करायचं ते कळत होतं.

सीलबाहेर जे राहिलं तेच मग ‘घरची देखभाल’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं: कार्ब्युरेटर, क्लच, रेडिएटर, साखळी, एक्झॉस्टच्या झडपेवरचा कार्बन खरवडणं. ही विभागणी यंत्राच्या गरजेतून आलेली नाही, तारेच्या मार्गावरून आलेली आहे. नवशिक्यांच्या हातात देखभालीची यादी पडते तेव्हा हा इतिहास तिच्यावर लिहिलेला नसतो. फोर-स्ट्रोकवाल्यांनीही पुढे तीच वाट धरली. कारखान्यातून सीलबंद येणारं २०४ सीसीचं इंजिन मिनिटाला ६,१०० फेऱ्यांवर इग्निशनमधूनच अडवलेलं असतं.

वरच्या आंतरराष्ट्रीय गटांत सील आलं नाही, पण त्याची सावली पडली. २००७ मध्ये १०० सीसी मोडीत काढून १२५ सीसी, बटण-स्टार्ट, क्लच आणि फेऱ्यांवर मर्यादा असा गट आणला गेला. वजन वाढलं, बॅटरी आणि वायरिंगच्या तक्रारी वाढल्या. २०१६ मध्ये स्टार्टर, क्लच, बॅटरी सगळं पुन्हा काढून टाकलं आणि थेट साखळीवर चालणारं, ढकलून सुरू करायचं इंजिन परत आणलं. ढकलणं हलकं व्हावं म्हणून हेडमध्ये दाब सोडणारी छोटी झडप, आणि १६,००० फेऱ्यांची मर्यादा. नऊ वर्षं फिरून लोक मागच्या दाराशी आले. ढकलताना दम लागतो, एवढंच नवं नाही.

या सगळ्यात घरचा माणूस रिकामा बसला नाही, तो इंजिनावरून चासीकडे वळला. कार्टला सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) नाही. मागची दोन्ही चाकं एकाच एक्सलवर घट्ट. वळताना आतलं मागचं चाक जरासं उचललं गेलं तरच ती वळते, आणि ते किती उचलायचं हे नळ्यांचा पीळ ठरवतो. त्यामुळे सीट हा बसायच्या सोयीपेक्षा चासीचा भाग जास्त आहे. ती पाच मिलिमीटर मागे घेतली की मागच्या चाकांवर भार वाढतो. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, चालकाला हेल्मेटसकट बसवून, फायबरच्या सीटला ड्रिलने भोक पाडण्याआधी तासभर मापं घेणारा माणूस आज तेच काम करतो आहे जे त्याच्या आधीच्याने सोल्डरच्या तारेने केलं. पुढच्या चाकांची दिशा पूर्वी दोरी आणि टेपने बघायचे, आता स्टिअरिंगच्या स्टबवर लेझर लावतात. किमान वजन भरायला लागणारं शिसं सीटला कुठे बोल्ट करायचं यावर घराघरात मतभेद असतात.

चासीची झीजही वेगळी. खालच्या नळ्या ट्रॅकच्या कडेच्या ठोकळ्यांवर घासून चपट्या होतात, जोडाजवळ केसासारखी चीर जाते, आणि काही हंगामांनी धातूतली स्प्रिंग, म्हणजे वाकून मूळ आकारात परत यायची ताकद, उतरते. चीर झाळता येते; उतरलेल्या स्प्रिंगवर उपाय नाही, आणि ती उतरली हे मोजपट्टी सांगत नाही, चालक सांगतो.

एक्सलची गोष्ट यातच येते. जुने २५ मिलिमीटरचे भरीव एक्सल गेले, मग ३०, ४० आणि मोठ्यांच्या गटांत ५० मिलिमीटरचे पोकळ आले. आज बाहेरून हुबेहूब दिसणारे चार-पाच एक्सल घरात असतात, फरक फक्त कडकपणाचा आणि टोकाला कोरलेल्या एका अक्षराचा. कडक घातला की मागचं टोक सुटं होतं, मऊ घातला की धरतं, पण ट्रॅकवर टायरचं रबर चढलं की उलटंही होतं. बदलायला बेअरिंगचे ग्रब स्क्रू ढिले करायचे, डिस्क आणि स्प्रॉकेटचे हब मागे सारायचे, आणि जुन्या एक्सलवर स्क्रूच्या टोकाने उठलेला बारीक कंगोरा आधी कानसीने उतरवायचा. नाहीतर तो बेअरिंगमधून निघत नाही, आणि हातोडा मारला की निघतो तो बेअरिंग घेऊनच.